निळ्या ड्रमातली टाकी

वर्षाली येळणेला किळस लवकर येते, हे वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाच्या पंगतीत ती घरून नेलेल्या पेल्यातूनच पाणी प्यायची. वडिलांच्या कचेरीत जायची वेळ आली, तर जिना चढताना भिंतीपासून अंग चोरायची, कारण त्या भिंतींवर तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्यांचे थरावर थर बसलेले होते. आई, इंदिराबाई, म्हणायची की या पोरीला कोणत्या घरात द्यावं तेच समजत नाही. अशी ही मुलगी आपण होऊन सरकारी कचेऱ्यांच्या कामात शिरली, याचं नातेवाइकांना हसू यायचं.

तिचे वडील हरिभाऊ पंचायतीच्या खात्यात कारकून म्हणून निवृत्त झाले. माणूस प्रामाणिक होता, पण तो प्रामाणिकपणा भीतीतून आलेला होता. पैसे खायलाही छाती लागते, ती आपल्याजवळ नाही, असं ते स्वतःच सांगायचे. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या सह्यांखाली कागद पुढे सरकवले आणि घरी येऊन हातपाय धुऊन गप्प बसले. त्या गप्प बसण्याचाच वर्षालीला राग होता. आपण शिकू आणि जिथे बाबा गप्प बसले तिथे बोलू, असं तिने कॉलेजात असतानाच ठरवून टाकलं होतं.

बीए झाल्यावर ती पुण्याला गेली आणि तिने सार्वजनिक धोरण हा विषय घेऊन एमए केलं. इंग्रजीत त्याला पब्लिक पॉलिसी म्हणतात. दिवाळीत घरी आली की मावशा विचारायच्या, पॉलिसी म्हणजे विम्याचीच ना, आमची एक काढून देजो. पहिल्या वर्षी तिने समजावून सांगितलं, दुसऱ्या वर्षी नुसती हसली. पुण्यात तिला शिकवलं गेलं की सरकारी काम बिघडतं ते मुख्यतः वरच्यांना खालचं दिसत नाही म्हणून. खालचं वर दिसू लागलं की अर्धा आजार बरा. तिला ते पटलं, कारण घरात तिने पाहिलं होतं की खालून वर जाणारा प्रत्येक कागद वाटेत थोडा थोडा गोड होत जातो. कागदाच्या जागी यंत्र आलं तर गोडवा घालायला हातच उरणार नाही. बरोबरचे सगळे दिल्ली-बंगलोरकडे गेले. ती परत वर्ध्याला आली.

एका कंपनीला तेव्हा जिल्ह्यातल्या गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांवर यंत्रं बसवायचं सरकारी काम मिळालं होतं. यंत्र साधंच होतं. डब्याएवढं, टाकीच्या झाकणाखाली उलटं टांगलेलं. खाली पाणी किती अंतरावर आहे ते मोजायचं आणि मोबाइलच्या सिमकार्डावरून वर्ध्याला कळवायचं. पाणी जवळ म्हणजे टाकी भरलेली, लांब म्हणजे रिकामी. कचेरीतल्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक गावाचा एक ठिपका. पाणी असलं की हिरवा, नसलं की लाल. वर्षालीला जिल्हा समन्वयक नेमलं. गजेंद्र म्हणून कंपनीचे व्यवस्थापक होते, त्यांनीच तिची मुलाखत घेतली. गोरेगोमटे, नेहमी इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. तिला वाटलं, बरं झालं, स्वच्छ माणूस मिळाला.

पहिलं वर्ष खरोखर चांगलं गेलं. हिंगणीच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या एका गावाची मोटार जळाली, तर सकाळीच पडद्यावर ठिपका लाल झाला आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिक तिथे पोचला. एरवी हे कळायलाच पंधरवडा जायचा. त्या दिवशी वर्षाली घरी आली ती गाणं गुणगुणत. हरिभाऊंना तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की लाल ठिपका कोणाच्या नावावर लागते. तिला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, नावावर कशाला लागेल, गावावर लागते.

पुढच्या वर्षी तो नावावर लागू लागला. जिल्ह्याजिल्ह्यांची क्रमवारी निघाली. कोणाचे ठिपके किती हिरवे यावर साहेबांची पाठ थोपटली जाऊ लागली, आणि ज्यांचे लाल, त्यांची नावं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर पडू लागली. रोज सकाळी गजेंद्र पडद्यासमोर चहा घेऊन उभे राहायचे आणि वर्षालीच्या हाताखालच्या मुलांना सांगायचे, या लाल गावांना फोन लावा. फोनवर काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. पाणी का नाही, हे कोणी विचारत नव्हतं. ठिपका लाल का दिसून राह्यला, असं विचारायचं होतं. वर्षालीला ते खटकलं होतं. तिने गजेंद्रना तसं म्हटलंही. त्यांनी हसून सांगितलं की एकच गोष्ट आहे मॅडम, ठिपका हिरवा म्हणजे पाणी आलं.

पाहता पाहता जिल्हा हिरवा झाला. वर्षालीला नागपूरच्या एका परिषदेत बोलायला बोलावलं. तिथे तिने धामणखेडी नावाच्या गावाचा आलेख दाखवला. सेलू तालुक्यातलं गाव, घरं थोडीच, पण आलेख असा की पुस्तकात छापावा. सकाळी टाकी भरलेली, दुपारपर्यंत सावकाश उतरलेली, संध्याकाळी पुन्हा भरलेली, एकही दिवस न चुकता. तिने सांगितलं की शिस्तीत चाललेल्या गावाची नाडी अशी असते. टाळ्या पडल्या. परत येताना गाडीत तिला वाटलं, आपलं आयुष्य मार्गाला लागलं.

त्या उन्हाळ्यात जिल्ह्याला पुरस्कार जाहीर झाला. दुसऱ्या राज्यातून पाहुणे येऊन एक आदर्श गाव पाहणार होते. गाव कोणतं यावर चर्चा करायचं कारणच नव्हतं. वर्षालीच म्हणाली, धामणखेडी. पाहुणे यायच्या आधी आपण एकदा जाऊन यावं, म्हणून ती एके दिवशी सकाळीच मोपेडवर निघाली.

गावाच्या अलीकडे एका शेतातल्या विहिरीवर बायांची रांग होती. पाण्याचे पितळी गुंड आणि प्लास्टिकचे डबे, दोघीतिघींच्या कडेवर लेकरं. वर्षालीने मोपेड थांबवली. सगळ्यात पुढे उभी असलेली बाई साठीची, हाडकुळी, कपाळावर पदर ओढलेला. तिचं नाव आनंदाबाई. वर्षालीने विचारलं, नळाला पाणी आलं नाही का आज.

आनंदाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग रांगेतल्या बाकीच्या बायांकडे पाहिलं.

"आज?" ती म्हणाली. "नळाले पानी तं गेल्या चैतापासून नाई, बाई. मोटार जळून पडली आहे. तुमी कुठल्या?"

वर्ध्याची, एवढंच वर्षाली म्हणाली. ती सरळ टाकीकडे गेली. टाकीची शिडी चढून झाकण उचललं. आत कोरडा खडखडीत तळ, पाखरांची विष्ठा आणि एक चप्पल. जिथे यंत्र टांगलेलं असायला हवं तिथे दोन स्क्रूंची भोकं होती.

पाणी सोडण्याचं काम रूपराव नावाच्या माणसाकडे होतं. तो घरीच भेटला. बनियनवर, तोंडात खर्रा. यंत्र कुठे आहे म्हटल्यावर तो अजिबात गडबडला नाही. उलट, कंपनीची मॅडम आपल्या घरी आली याचा त्याला आनंदच झाला. बायकोला चहा ठेवायला सांगून तो वर्षालीला घरामागे घेऊन गेला.

गोठ्याच्या बाजूला कडुनिंबाखाली एक निळा ड्रम उभा होता. निंबाच्या फांदीवरून दोरी टाकलेली, आणि दोरीच्या टोकाला कंपनीचं यंत्र, पाण्यापासून वीतभर वर, पोपटाच्या पिंजऱ्यासारखं लोंबत होतं. त्याचा छोटा दिवा लुकलुकत होता. ड्रमातलं पाणी शेवाळून काळंहिरवं झालेलं. वर साय धरलेली. तिच्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या आणि कडेला फुगून पांढरी पडलेली एक पाल तरंगत होती. वास असा की वर्षालीने ओढणीऐवजी हाताला आलेली पिशवीच नाकाला लावली.

रूपरावने कौतुकाने समजावून सांगितलं. सकाळी यंत्र खाली सोडायचं, म्हणजे वर्ध्यात टाकी भरली. मग शेताकडे जाता जाता दोरी थोडी ओढायची, दुपारी जेवायला आलं की आणखी थोडी. संध्याकाळी पुन्हा खाली. नुसतंच भरलेलं ठेवलं तर साहेबांना शंका येते, म्हणून ही युक्ती. वर्षाली त्या दोरीकडे पाहत राहिली. नागपूरच्या पडद्यावरची ती नाडी या दोरीने ओढलेली होती.

तिने कसंबसं म्हटलं, हे पाणी तरी बदलत जा, गावात रोगराई होईल.

"बदलाचं कायले?" रूपराव म्हणाला. "मशीन थोडीच पेते."

मग त्याने न विचारता बाकीचंही सांगितलं. मोटार जळाल्यावर त्याने दोनदा वर्ध्याला कळवलं होतं. मोटार कोणी पाठवली नाही. पण रोज फोन यायचा की तुमचं गाव लाल दिसून राह्यलं. शेवटी मोठ्या साहेबांचा फोन आला, गजेंद्र साहेबांचा. ते म्हणाले, कसंही कर पण हिरवं दिसलं पाहिजे. मग त्याने कसंही केलं. दुसऱ्या गावांतले पाणीवालेही त्याच्याकडून शिकून गेले. एकाने तर घरात रांजणावरच टांगलं आहे, सावलीत, मशीनही गरम होत नाही. चहा आला. वर्षालीने कपाला हात लावला नाही. परतताना रस्त्याच्या कडेला मोपेड थांबवून ती ओकली.

गजेंद्रना तिने सगळं सांगितलं तेव्हा ते चकित होतील, निदान चकित झाल्यासारखं करतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. पाहुणे कोणत्या वाटेने येणार, आणि तो ड्रम रस्त्यावरून दिसतो का, एवढंच त्यांनी विचारलं. मग मऊ आवाजात तिची समजूत घातली.

"मॅडम, मशीन खोटं बोललं का? खाली पाणी होतं, त्यानं पाणी दाखवलं. आपलं कंत्राट मशीनचं आहे. पाण्याचं नाही."

ती खात्यातल्या मोठ्या साहेबांकडे गेली. त्यांनी चहा-बिस्किटं मागवली, सगळं शांतपणे ऐकलं, मध्ये मध्ये मान हलवली. चांगलं निरीक्षण आहे, असे तरुण लोक पाहिजेत, पुरस्काराचं पार पडलं की यावर एक बैठक घेऊ, असं म्हणाले. ती उठली तेव्हा ते बोटं चाटून बिस्किटाचा चुरा टिपत होते. तिला त्या बोटांचीही किळस आली, आणि हे बरं नाही, माणसाच्या बोटांची किळस येणं बरं नाही, असंही वाटलं.

पाहुणे आले त्या दिवशी पहाटेच टँकरने धामणखेडीची टाकी भरलेली होती. यंत्र पुसून जागेवर लावलेलं होतं. नळांना झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. आनंदाबाईला नवी साडी देऊन नळावर उभं केलं, आणि फोटोवाल्याला नीट साधेना म्हणून तिच्याकडून तोच गुंड तीनतीनदा भरून घेतला. दरवेळी आधीचं पाणी ओतून द्यायला सांगत. ओतताना तिचे हात थांबत होते.

वर्षालीने ठरवलं होतं की पाहुण्यांच्या प्रमुखाला एकटं गाठून खरं सांगायचं. प्रमुख म्हणजे पांढऱ्या केसांचे, चष्मा लावलेले, बोलायला गोड असे गृहस्थ होते. जेवणाच्या वेळी मंडपाच्या कोपऱ्यात तिला संधी मिळाली. तिने हिंदीत सगळं सांगितलं, ड्रम, दोरी, पाल, काही राखून ठेवलं नाही. ते घास चावत ऐकत होते. मग हसले आणि म्हणाले की ड्रम म्हणजे तुमच्याकडे पुष्कळच मेहनत घेतात, आमच्याकडे तर बादलीतच ठेवतात. आणि ते वांग्याची भाजी घ्यायला पुढे गेले.

इतके दिवस तिला वाटत होतं की कोणीतरी कोणाला तरी फसवतं आहे. आता तिने मंडपभर नजर फिरवली. गजेंद्रना माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, पाहुण्यांना येण्याआधीच माहीत होतं. रूपराव पंगतीत वाढत होता. फसलेलं इथे कोणी नव्हतंच. माहीत नव्हतं ते फक्त नळावर उभ्या केलेल्या बायांना. तिच्या हातातलं ताट तिने तसंच खाली ठेवलं.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर ती आनंदाबाईच्या घरी गेली आणि म्हणाली, काकू, माझ्यासंगं चला. रूपराव मंडप सोडवण्यात गुंतला होता. यंत्र त्याने एव्हाना काढून परत फांदीला टांगलेलं होतं. वर्षालीने तिला त्याच्या घरामागे नेऊन ड्रम दाखवला, दोरी दाखवली, आणि ती ओढली की वर्ध्यात काय दिसतं ते सांगितलं. आनंदाबाईने वाकून ड्रमात पाहिलं.

"म्हणजे वर्ध्यात आमच्या गावाले पानी आहे?"

"हो, काकू. रोज."

"आमी अर्ज घेऊन वर्ध्याले गेलतो तवा तो साहेब टीव्हीकडे पाहून हासत काऊन होता, थे आज समजलं." मग ती म्हणाली, "तू जाय आता, बाई. तुही नोकरी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाली पडद्यासमोर उभी असताना धामणखेडीचा ठिपका लाल झाला. बायांनी जाऊन ड्रम लाथेने आडवा केला होता आणि यंत्र काढून ग्रामपंचायतीच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. कचेरीतून ग्रामपंचायतीत फोन गेला तो आनंदाबाईनेच घेतला. लाल आहे तं लालच राहू द्या, एवढं सांगून तिने फोन ठेवला. वर्षाली वाट पाहत होती की आता काहीतरी होईल. तासाभरात झालं. गजेंद्रनी एका मुलाला काही सांगितलं आणि धामणखेडीचा ठिपका राखाडी झाला. राखाडी म्हणजे देखभाल सुरू, मोजणीत धरायचा नाही. जिल्हा पुन्हा हिरवाच्या हिरवा.

तिने त्याच दिवशी राजीनामा लिहिला. हरिभाऊ घाबरले. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यांनी तिला पुष्कळ समजावलं की अशानं कुठंच टिकता येत नाही.

"वास सगळीकडंच येते, बाई," ते म्हणाले. "म्या तीस वर्सं काढले. नाक धरून बसाचं."

तिला त्यांची दयाही आली आणि किळसही. तीस वर्षं त्यांना सगळं दिसत होतं, वास येत होता, आणि घरी येऊन ते नुसते हातपाय धूत होते. भाताचा शेवटचा घास ताटात तसाच ठेवून ती उठली.

धामणखेडीच्या बायांनी ग्रामपंचायतीला कुलूप ठोकलं आणि आठवडाभर उघडू दिलं नाही. शेवटी पंचायतीने मोटार सिंदीला नेऊन दुरुस्त करून आणली. आता नळाला दिवसाआड पाणी येतं, कधी गढूळ येतं, पण येतं.

वर्षाली काही महिने घरी बसली. मग सेलूच्या बाजूच्या दोनतीन ग्रामपंचायतींचं संगणकाचं काम तिला मिळालं. दाखले, घरपट्टी, असलं बारीकसारीक. त्यातच तिने एक सोय केली. तसंच यंत्र टाकीत बसवलं, पण ते वर्ध्याला काहीच कळवत नव्हतं. त्याची तार चावडीवरच्या एका दिव्याला जोडलेली होती. टाकीत पाणी असलं की हिरवा, नसलं की लाल. पाहायचं असेल त्याने चावडीसमोर येऊन पाहावं. खोटं लावलं तर त्याच संध्याकाळी कोणीतरी नळ सोडून पाहील, एवढाच तिचा हिशेब होता. गावांना ते आवडलं. धामणखेडीलाही बसवावं म्हणून ती गेली, तर ग्रामसभेने नाही म्हटलं. आनंदाबाई म्हणाली की तुयावर राग नाई, पण आमाले आता मशीन नोको, आमी टाकीवर चढून पाहून घेऊ. वर्षाली वाद घालत होती, तुमची शिडी मोडकी आहे, कोणीतरी पडेल, असं पोटतिडकीने सांगत होती. कोणी ऐकलं नाही. ती तशीच परतली.

गेल्या हिवाळ्यात गजेंद्रचा फोन आला. आवाज तसाच मऊ. तुमच्या दिव्याची कल्पना फार छान आहे, कंपनीने ती घेतली, शेजारच्या जिल्ह्यात गावोगाव दिवे बसवून झाले, माहितीपुस्तकात तुमचं नाव टाकलं आहे, सल्लागार म्हणून या, असं त्यांनी सांगितलं. तिने विचार करते म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी बस धरून त्यातलं एक गाव पाहायला गेली. चावडीवर दिवा होता, छान हिरवा, तिच्या दिव्यापेक्षा चांगल्या काचेचा. खाली बाया टँकरची वाट पाहत बसल्या होत्या. तिने खुर्ची मागून घेतली, वर चढून दिव्याचं झाकण उघडलं. तार टाकीकडे गेलेलीच नव्हती. ती भिंतीतून सरळ विजेच्या खांबाला जोडलेली होती. गावात वीज असेपर्यंत दिवा हिरवा.

ती खुर्चीवरून उतरली. एका बाईने विचारलं, काय झालं मॅडम, बिघडला का. वर्षालीने तिला दिव्याची तार दाखवली आणि ती कुठून कुठे जाते ते बोटाने सांगितलं. मग हात धुवायला चावडीमागच्या हापशावर जाऊन तिने दांडा दाबला. हापशाला पाणी नव्हतं. कोरडे हात तिने ओढणीला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले, आणि परतीची बस येईपर्यंत रस्त्यावर उन्हात उभी राहिली.